गाडीचे सीसी किती? आधी आरसी काढून बघा

यावेळी सदरात सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, कारण सेकंडहँड गाडी घेणारे, इन्शुरन्स भरणारे, नवीन गाडीचं बुकिंग करणारे सगळेच शेवटी सीसीपाशी, म्हणजे इंजिनच्या साईजपाशी, येऊन अडतायत. (आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र.)

प्रश्न (कराड) : सर नमस्कार, मी मागच्या महिन्यात 2012 ची स्विफ्ट पेट्रोल सेकंडहँड घेतली. एजंट म्हणाला 1300 सीसीचं दमदार इंजिन आहे. आरसीवर 1197 आहे आणि जुन्या मालकाच्या पॉलिसीवर 1298. तीन ठिकाणी तीन आकडे. गाडीचं इंजिन बदललेलं तर नसेल ना? झोप उडालीय.

उत्तर : दादा, आधी शांत व्हा, तुमच्या आरसीवरचा आकडा बरोबर आहे. 2012 च्या पेट्रोल स्विफ्टचं इंजिन 1197 सीसीचंच असतं. 1298 हा आकडा कुठून आला ते सांगतो. 2005 मध्ये स्विफ्ट आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, लोक त्याला 1.3 म्हणायचे. मग 2006 च्या बजेटमध्ये सरकारने छोट्या गाड्यांची एक्साईज ड्युटी 24 टक्क्यांवरून 16 वर आणली, पण अट घातली की पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत पाहिजे, डिझेल असेल तर 1500 च्या आत, आणि गाडीची लांबी 4 मीटरच्या आत. स्विफ्ट लांबीत बसत होती पण इंजिन 98 सीसीने बाहेर जात होतं. 2010 मध्ये मारुतीने तिच्यात नवीन के सिरीजचं 1197 सीसीचं इंजिन टाकलं आणि गाडी सवलतीत बसली. म्हणजे तुमची गाडी नव्या इंजिनवाली आहे आणि पॉलिसीवरचा आकडा जुन्या मॉडेलचा आहे. पॉलिसी काढताना कुणीतरी यादीतून चुकीचं मॉडेल निवडलं असणार.

आणि एजंटच्या 1300 चं म्हणाल तर अजून एक शक्यता आहे. डिझेल स्विफ्टलाही लोक 1.3 च म्हणतात, तिचं इंजिन 1248 सीसीचं, फियाटचं मल्टिजेट. आपल्या रांजणगावच्या प्लँटमध्ये सुद्धा हे इंजिन बनायचं आणि स्विफ्ट, डिझायर, इंडिका विस्टा, पुंटो, लिनिया, एर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. त्यामुळे बाजारात ‘स्विफ्ट म्हणजे तेराशे’ हे डोक्यात पक्कं बसलंय, पेट्रोल का डिझेल, कुठल्या सालची, हे कुणी विचारतच नाही.

तरी तुमची शंका मनात ठेवू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. आरसीवर इंजिन नंबर असतो बघा. तुमच्या मॉडेलचा इंजिन नंबर के12एम ने सुरू व्हायला पाहिजे. यातला 12 म्हणजेच 1.2 लिटर. जुन्या 1298 वाल्याचा जी13बी ने सुरू होतो, मल्टिजेटवाल्या मारुतीचा डी13ए ने, 998 वाल्याचा के10बी ने. मारुतीच्या नंबरातच इंजिनची साईज लपलेली असते ही फार सोयीची गोष्ट आहे. आता हाच नंबर इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो, ओळखीच्या मेकॅनिकला सांगा टॉर्च मारून, चिंधीने ग्रीस पुसून दाखव म्हणून, आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. फोटोही काढून ठेवा. जुळला तर विषय संपला. नाही जुळला तर मात्र ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला लगेच गाठा, कारण इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरटीओत असावीच लागते, नाहीतर पुढे ट्रान्सफरला आणि क्लेमला दोन्हीकडे अडकाल.

चेसिस नंबरवरून सीसी कळतो का असं पण बरेच जण विचारतात. 17 अक्षरांच्या त्या नंबरात कंपनी कळते, म्हणजे एमए3 ने सुरू झाला तर मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई, पण सीसीचा आकडा त्यात सरळ लिहिलेला नसतो. त्यासाठी आरसीच बघायची, क्युबिक कपॅसिटी असं लिहिलेलं असतं त्याच्यापुढे. आरसी हाताशी नसेल तर एमपरिवहन ॲप किंवा डिजिलॉकर. गाडीच्या मागच्या दारावरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर काय कुणीही चिकटवतं.

पॉलिसीचं काम आजच करा. गाडी घेतल्यावर इन्शुरन्स आपल्या नावावर करायला 14 दिवस असतात, तुमचे होऊन गेलेत, म्हणून उशीर करू नका. आरसीची कॉपी जोडून कंपनीला लेखी द्या की नाव बदला आणि सीसी 1298 च्या जागी 1197 करा. त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. दोन्ही आकडे एकाच स्लॅबमध्ये (1000 ते 1500 सीसी) येतात त्यामुळे थर्ड पार्टीच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात फरक पडणार नाही, पण कागद आणि गाडी जुळलीच पाहिजे, अपघात झाल्यावर सर्व्हेयर समोर उभा असताना ही चूक निघाली तर त्या टेन्शनमध्ये कुठे धावणार.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगला नसलेली एक विद्यार्थिनी) : 1.2 लिटर इंजिन म्हणजे नक्की काय लिटर? पेट्रोल? ऑईल? भावाला विचारलं तर तो हसतो.

उत्तर : हसण्यासारखं यात काहीच नाही, गाडी चालवून वीस वीस वर्षं झालेल्यांना हे सांगता येत नाही. पेट्रोल नाही, ऑईल पण नाही. ती जागा आहे.

रंगपंचमीची पिचकारी डोळ्यासमोर आण. दांडा मागे ओढला की नळीत पाणी भरतं, जितका दांडा मागे येतो आणि जितकी नळी जाड तितकं पाणी जास्त. इंजिनमध्ये नळी म्हणजे सिलिंडर आणि दांड्याचा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो तेवढा त्या सिलिंडरचा सीसी, आणि सगळ्या सिलिंडरची बेरीज म्हणजे इंजिनचा सीसी. सीसी म्हणजे घन सेंटीमीटर, 1000 सीसी म्हणजे 1 लिटर. नळीच्या व्यासाला बोअर म्हणतात, पिस्टनच्या प्रवासाला स्ट्रोक.

वर कराडच्या दादांना सांगितलं त्याच के12एम इंजिनचं गणित करू. बोअर 73 मिलिमीटर, स्ट्रोक 71.5. व्यासाचं निम्मं 3.65 सेंटीमीटर, त्याचा वर्ग करून पायने (π, 3.1416) गुणलं की 41.85 चौरस सेंटीमीटर. त्याला 7.15 ने गुणलं की 299 च्या थोडं वर. चार सिलिंडर आहेत, म्हणजे गुणिले चार, 1197. आलं ना? शाळेतलं वृत्तचितीचं घनफळ, दुसरं काही नाही. कंपनी मग बोलताना सोपं पडावं म्हणून 1197 ला 1.2 म्हणते आणि 998 ला 1.0. 

आता गंमत बघ, 998 सीसीच्या के10बी मध्ये पण बोअर 73 च आहे, स्ट्रोक 79.5 आणि सिलिंडर तीन. करून बघ उत्तर येतं का आणि भावालाही करायला दे.

प्रश्न (जत) : माझी जुनी बोलेरो 2523 सीसीची आहे. आता नवीन घ्यायचीय तर शोरूमवाला म्हणतो 1493 सीसी. हजार सीसी कमी! शेतावरचा रस्ता, कधी पाच सहा माणसं, कधी खताची पोती. ओढेल का?

उत्तर : काका, तुमच्यासारखाच प्रश्न मला 2016 पासून विचारला जातोय, त्या साली बोलेरो पॉवर प्लस आली आणि जुनं मोठं इंजिन जाऊन 1493 सीसीचं तीन सिलिंडरचं आलं. ओढेल. जुनं 2523 वालं 63 एचपीच्या आसपास ताकद द्यायचं. पॉवर प्लसवालं 70 आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 195 न्यूटन मीटर, आणि आताच्या बीएस6 (धुराचा नवा नियम) वाल्याचा टॉर्क 210. म्हणजे इंजिन लहान झालं आणि ताकद वाढली, हे ऐकायला उलटं वाटतं पण खरंय.

कारण असं की इंजिन ताकद देतं ती त्याच्यात किती हवा आणि किती इंधन जळतंय त्यावर, नुसत्या जागेवर नाही. सीसी म्हणजे जागा. टर्बो म्हणजे काय करतो, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो आणि त्या पंख्याने हवा दाबून आत कोंबतो, मग तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. एसटीत दिवाळीच्या गर्दीत कंडक्टर माणसं कशी बसवतो तसं. तुमच्या जुन्या बोलेरोत पण टर्बो होताच पण नवीन इंजिनं हवा जास्त दाबतात आणि डिझेल जास्त प्रेशरने बारीक फवारतात, त्यामुळे जळतंही नीट.

पेट्रोलमध्ये पण हेच दिसेल. तीन सिलिंडरचं 998 सीसीचं इंजिन वॅगनआरमध्ये 67 पीएस (एचपीसारखंच ताकदीचं माप) देतं, आणि 998 सीसीचंच पण टर्बो लावलेलं फ्राँक्समध्ये 100 देतं. आकडा तोच, 998. म्हणून घाटात मागून येऊन एखादी छोटी गाडी ओव्हरटेक करून गेली तर तिचा सीसी कमी म्हणून आश्चर्य वाटायला नको.

पण काका, एक गोष्ट मी तुम्हाला आवर्जून सांगेन. जुनं मोठं इंजिन कमी आरपीएमला निवांत ओढायचं, चुकीच्या गिअरमध्ये पण सांभाळून घ्यायचं. लहान टर्बो इंजिनला टर्बो जागा होईपर्यंत एक क्षण लागतो, चढावर गाडी भरलेली असताना दुसऱ्याऐवजी तिसऱ्यात रेटत बसू नका, गिअर पाडा. आणि लांबून आल्यावर, विशेषतः चढ चढून आल्यावर, लगेच चावी बंद करायची नाही, अर्धा एक मिनिट गाडी नुसती चालू ठेवायची म्हणजे टर्बोला ऑईल मिळत राहतं. ऑईल वेळेवर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं. जुन्या बोलेरोला जे चालून गेलं ते हिला चालणार नाही, ही सवय मात्र बदलावीच लागेल.

फायदा पण ऐका. खाजगी गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सीसीवर ठरतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरात 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2094 रुपये, 1000 ते 1500 पर्यंत 3416, आणि 1500 च्या वर 7897. तुमची जुनी 7897 वाल्या खान्यात, नवीन 3416 वाल्या. टेस्ट ड्राईव्हला मात्र एकटे जाऊ नका, घरातली चार पाच माणसं घेऊन जा आणि शोरूमपासून जवळचा एखादा चढ निवडा, रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

प्रश्न (नाशिक) : जीएसटी कमी झाला म्हणून ब्रेझा बघायला गेलो, तर कळलं तिला 40 टक्के आणि नेक्सॉन डिझेलला 18. ब्रेझा 1462 सीसी, नेक्सॉन 1497. जास्त सीसीला कमी टॅक्स कसा?

उत्तर : फसवणूक नाहीये, नियमच तसा आहे, पेट्रोलला वेगळा आणि डिझेलला वेगळा. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोल 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. ब्रेझा लांबीला 3995 मिलिमीटर, बसते, पण पेट्रोल 1462 म्हणजे 1200 च्या वर, म्हणून 40. नेक्सॉन पण 3995, आणि डिझेल 1497, तीन सीसीने आत. नेक्सॉन पेट्रोल 1199, एका सीसीने आत! हे आकडे असे सीमारेषेला चिकटून का आहेत हे आता लक्षात आलं असेल. 2008 ची पहिली डिझायर आठवतेय का, लांब डिकीची? 2012 मध्ये तिची डिकी आखूड करून तिला 3995 मध्ये बसवलं ते ह्याच नियमासाठी. तुमच्या ब्रेझालाही आधीच्या 45 वरून 40 झालेच आहेत, अगदीच काही मिळालं नाही असं नाही.

दिल्लीत तर याच्याही पुढचा प्रकार झाला. डिसेंबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली आणि काही आठवड्यांतच महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही500 साठी 1.99 लिटरचं इंजिन आणलं. ऑगस्ट 2016 मध्ये बंदी उठली. मला स्वतःला वाटतं की धूर किती निघतो हे मोजून नियम करावा, सीसी मोजून नाही, पण आत्ता तरी कागदावर सीसीच चालतो म्हणून तो नीट माहिती असलेला बरा.

आपल्याकडे महाराष्ट्रात गाडी रजिस्टर करताना जो एकरकमी टॅक्स लागतो तो मात्र कारसाठी किंमत आणि इंधन यावर असतो, सीसीवर नाही. दोन्ही एकत्र करून हिशोब करू नका.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे दोन वॅगनआर, बाबांची 2007 ची आणि माझी 2014 ची. बाबांच्या जुन्या गाडीचा थर्ड पार्टी जास्त आणि माझ्या नव्या गाडीचा कमी. एजंटने चूक केलीय का?

उत्तर : नाही, तो बरोबर आहे. बाबांची गाडी 1061 सीसीची, तुमची 998 ची. 2010 मध्ये वॅगनआरचं इंजिन बदललं. 61 सीसीने बाबांची गाडी वरच्या खान्यात गेली, 1322 रुपयांचा फरक आणि त्यावर जीएसटी वेगळा. उलट आता कुणी 2019 नंतरची वॅगनआर घेत असेल तर नीट बघा, ती 998 आणि 1197 अशी दोन्ही इंजिनांत येते, नाव एकच. सीएनजी किट बसवल्याने सीसी बदलत नाही, ताकद थोडी कमी होते एवढंच, पण आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी झालंच पाहिजे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : इलेक्ट्रिक कारचा सीसी किती धरायचा?

उत्तर : नसतोच. सिलिंडर नाही, पिस्टन नाही. तिथे मोटरची ताकद किलोवॅटमध्ये बघायची, थर्ड पार्टीचे खाने पण 30 आणि 65 किलोवॅटवर पडतात.

प्रश्न (मुलगा इंग्लंडला असलेल्या एक आई, ठाणे) : मुलाने लेस्टरला जुनी गाडी घेतलीय, तिथे पण सीसीवर टॅक्स असतो का?

उत्तर : गाडी 1 मार्च 2001 च्या आधी रजिस्टर झालेली असेल तर हो, 1549 सीसीपर्यंत एक दर आणि त्यावर दुसरा. त्यानंतर मार्च 2017 पर्यंत रजिस्टर झालेल्या गाड्यांना गाडी कार्बन डायऑक्साईड किती सोडते त्यावर, आणि एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना पहिल्या वर्षीच तसं, पुढे बहुतेकांना ठरावीक दर. त्याच्याकडे व्ही5सी नावाचा कागद असेल, आपल्या आरसीसारखा, त्यावर पी.1 च्या समोर सीसी लिहिलेला असतो.

प्रश्न (नागपूर) : सासऱ्यांची 1998 ची मारुती 800 आम्ही जपून ठेवलीय, अजून कागदपत्रं सगळी चालू आहेत. आता ती ऑईल खातेय, निळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो इंजिन बोअर करावं लागेल. आरसीवर 796 सीसी आहे. बोअर केल्यावर सीसी वाढेल का, आरटीओत सांगावं लागेल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, एवढी जुनी गाडी कागदांसकट जपणारी माणसं कमी राहिलीत. नाव 800 असलं तरी आकडा 796 च बरोबर, बोअर 68.5, स्ट्रोक 72, सिलिंडर तीन.

इंजिन बोअर करणं म्हणजे पिस्टनच्या घासण्याने सिलिंडरची भिंत अंडाकृती झालेली असते ती मशीनवर थोडी खरवडून पुन्हा गोल करायची आणि तेवढा मोठा, ओव्हरसाईझ पिस्टन टाकायचा. समजा अर्ध्या मिलिमीटरचं ओव्हरसाईझ घेतलं तर बोअर 69 होईल आणि गणिताने सीसी 808 च्या आसपास जाईल. बारा सीसीची वाढ. पण ही दुरुस्ती आहे, इंजिन तेच, ब्लॉक तोच, त्यावरचा नंबर तोच, त्यामुळे आरसीवर 796 च राहू द्या आणि इन्शुरन्सचा खानाही तोच राहतो. पूर्ण वेगळं इंजिन बसवलं तरच आरटीओत जावं लागतं.

फक्त घाईने बोअर करून घेऊ नका. निळा धूर व्हॉल्व्ह सील कडक झाल्यामुळे पण येतो आणि ते काम खूप स्वस्तात होतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना एकदाच भसकन धूर येऊन थांबत असेल तर सील असण्याची शक्यता जास्त, आणि चालताना रेस दिल्यावर सतत येत असेल तर रिंग पिस्टनकडे संशय. मेकॅनिकला आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासायला लावा, मग प्रत्येक प्लगच्या जागेतून थोडं ऑईल टाकून परत तपासायला लावा. दुसऱ्या वेळी कॉम्प्रेशन चांगलं वाढलं तर रिंग आणि बोअर गेलेत, मग तो म्हणतो ते खरंय. आणि बोअर करायचंच ठरलं तर तिन्ही सिलिंडर एकाच साईझला करून घ्या, एकच खराब आहे म्हणून एकच करू देऊ नका, आणि किती ओव्हरसाईझ टाकलं ते बिलावर लिहून घ्या, .25 का .50, आणि ते बिल आरसीच्याच पाकिटात ठेवा, पुढच्या वेळी जो कुणी हे इंजिन उघडेल त्याला लागणारा आकडा तोच असेल.